चादरीचं दुसरं टोक

…आणि वर म्हणतात कसे, "बाई, फार नाही, दोनच शब्द बोला!" आता मला सांगा, दोन शब्दांत कुणाचं काय होतं? दोन शब्दांत आमच्या घरी चहासुद्धा मागत नाहीत! आधी "डोकं जरा जड झालंय", मग "बाहेर काय ऊन आहे नाही", मग "तू घेणार असशील तर माझाही टाक"… आणि मी मात्र दोन शब्द! तेही माइकसमोर! चारशे माणसांसमोर!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आली कुठून आणि करवादतेय कुणावर. मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे. चोवीस वर्षं. तळघरात. वर ज्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर पेशंट झोपतो ना, ती काय कपाटात उगवत नाही हो! रोजचे अडीच हजार कपडे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, डॉक्टरांचे कोट… आणि डॉक्टरांच्या कोटाचे खिसे तर विचारूच नका! पेनं, किल्ल्या, अर्धं चॉकलेट, एकदा तर कवळी निघाली! कवळी! आता डॉक्टरांच्या खिशात कवळी कुणाची? दोन दिवस आम्ही वॉर्डावॉर्डात हिंडलो, "दात कुणाचे राहिलेत का हो, दात?" आणि शेवटी निघाली कुणाची, तर… जाऊ दे, डॉक्टर अजून नोकरीत आहेत. कुठे होते मी? हां, दोन शब्द!

तर दरवर्षी आमच्याकडे उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा पुरस्कार असतो. दारातच मोठा फळा, त्यावर फोटो. नर्स झाल्या, एक्स-रेवाले झाले, गाड्या लावून घेणारा शिट्टीवालासुद्धा झाला. लॉन्ड्री? कधीच नाही! आम्ही आहोत हेच कुणाला माहीत नाही. लिफ्टमध्ये तळघराचं बटण दाबलं की बरोबरची माणसं दचकतात, "तिकडे शवागार ना?" म्हणतात. आणि यंदा एकदम सकाळी बघते तर फळ्यावर मी! फोटो कुठला, तर ओळखपत्रावरचा. लेकीने मोबाइलवर काढून घरी दाखवला तर आमचे हे म्हणाले, "काय चोरलंस?"

पुरस्कार कशाचा म्हणाल, तर गेल्या वर्षी पाण्याची मुख्य पाइप फुटली. तीन दिवस मशिनी बंद. वर ऑपरेशनं चालूच, पेशंट काय, पाइप दुरुस्त होईपर्यंत पोट धरून बसणार? मग मागच्या अंगणात जुने सिमेंटचे हौद होते, त्यात टँकरचं पाणी भरलं, चुलवणावर मोठाल्या पातेल्यांतून उकळलं, आणि हातांनी, अहो या हातांनी, तीन दिवस सगळं धुतलं, उकळलं, वाळवलं, वर पाठवलं. एकही ऑपरेशन कपड्यावाचून अडलं नाही! एकही! पण धुतलं काय मी एकटीने? बाराजणांनी धुतलं! आणि खरं सांगायचं तर तेराजणांनी. या तेरावीपायी तर सगळं झालं.

तेरावी म्हणजे मोठ्या बाई. लॉन्ड्रीच्या जुन्या मुकादम. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. मला काम शिकवलं ते त्यांनी. मी कामाला लागले त्याच आठवड्यात काय केलं असेल? पांढऱ्या कोटांच्या धुण्यात एक लाल पडदा टाकला! चुकून हो! दोनशे कोट… गुलाबी! असे गुलाबी, असे गुलाबी, की पुढचा आठवडाभर सगळे डॉक्टर आइस्क्रीमसारखे हिंडत होते! आता माझी नोकरी जाणार, मी पोत्यांमागे बसून रडतेय, आणि वरून साहेब आले तेव्हा मोठ्या बाई पुढे होऊन म्हणाल्या, "पडदा मी टाकला." झालं! त्यांचा त्या वर्षीचा बोनस गेला. मला एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. नुसतं एवढंच म्हणाल्या, "पुन्हा टाकलास तर हिरवा टाक. हिरवे निदान चालून जातील."

पाइप फुटल्याचं कळलं तशा या निवृत्त बाई, कुणी बोलावलं नाही, सांगितलं नाही, मागच्या फाटकातून आल्या आणि बाह्या वर करून उभ्या राहिल्या! कारण हातांनी अडीच हजार कपडे धुवायचे कसे, पाणी किती तापवायचं, काय आधी, काय नंतर, हे माहीत कुणाला? आम्हाला? आम्हाला बटणं माहीत! त्या नसत्या तर आम्ही तीन दिवस नुसते भिजलो असतो!

म्हणजे आभार मानायचे तर पहिले त्यांचे. बरोबर ना? पण नाही! आमचे साहेब, म्हणजे आमच्या विभागाचे सुपरवायझर, मला कोपऱ्यात घेऊन घाम पुसत म्हणतात, "बाई, सगळ्यांचं नाव घ्या, पण मोठ्या बाईंचं घेऊ नका हं! निवृत्त माणूस आत आला कसा? पास नाही, विमा नाही, नियमात बसत नाही! वर कळलं तर माझी खुर्ची जाईल!" मी म्हटलं, "अहो साहेब, त्या नसत्या तर…" "मला माहीत आहे! मला माहीत आहे म्हणून तर सांगतोय! तुम्ही आपलं माझं नाव घ्या आणि खाली बसा. दोनच शब्द!"

आणि घरी? घरी तर निवडणूक! सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव नको हो घेऊस, मला कसली हौस नाही… पण घेतलंस तर नुसतं 'सासूबाई' म्हणू नकोस. 'मातोश्री' म्हण. आणि हळू नको म्हणूस." हे म्हणाले, "माझं घेशील ना? तुझा डबा कोण भरून देतं?" एकदा! चोवीस वर्षांत एकदा भरून दिला होता! कामावर जाऊन उघडते तर आत काही नाही! झाकण मात्र छान घट्ट लावलेलं! लेक कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं आणते, ती म्हणाली, "आई, भाषण मी लिहिते." तीन पानं! सुरुवातच काय, "आज या कृतज्ञतेच्या क्षणी माझे अंतःकरण ओथंबून आले आहे." मी म्हटलं, "अगं, मी कशी ओथंबेन? आमच्याकडे ओथंबलेलं सगळं ड्रायरमध्ये टाकतात." तर रुसली! मग तसंच पाठ करत बसले, भाजी चिरताना ओथंबून, केर काढताना ओथंबून…

बरं, इकडे मोठ्या बाई यायलाच तयार नाहीत. त्यांना आता ऐकू येत नाही. पस्तीस वर्षं त्या मशिनींच्या घरघराटात काढल्यावर कान राहणार कुठून? तुम्ही आमच्या लॉन्ड्रीत या एकदा, विमान उतरतंय असा आवाज असतो! तिथे बोलून उपयोगच नाही. म्हणून आम्ही सगळे खाली हातांनी बोलतो. खुणा! मनगट झटकलं की 'ओलं आहे', बोट फुंकलं की 'गरम आहे', चिमटीने हवेत टाका घातला की 'फाटलंय, शिलाईला दे'. सगळं असतं आमच्यात, भांडणंसुद्धा! तर मी त्यांच्या घरी जाऊन हातांनीच म्हटलं, 'चला.' त्यांनी हातांनी म्हटलं, 'येऊन काय करू? खांबासारखी बसू?' मी म्हटलं, 'बसा! खांब तर खांब! तुम्ही नसलात तर छप्पर माझ्या डोक्यावर पडेल!' तेव्हा कुठे कबूल झाल्या. अट काय, तर शेवटची रांग, दाराजवळ.

आता तुम्ही म्हणाल, मग भाषणही खुणांनीच करायचं होतं की! अहो, कसं करणार? वर सगळी शिकलीसवरलेली माणसं, ती काय म्हणतील, बाई माइकसमोर हात नाचवतेय? तळघरातलं तळघरात. मला लाजच वाटायची, खरं सांगते. एकदा लिफ्टमध्ये मी शिलाईवालीशी तशी बोलले तर एक बाई आपल्या मुलीला म्हणाली, "बिचाऱ्या मुक्या आहेत." शिलाईवाली पटकन म्हणाली, "मुकी असेल तुमची…" मी तिचं तोंड दाबलं!

तर तो दिवस उजाडला. मोठा हॉल, खुर्च्या, पहिल्या रांगेत आमच्या घरची मंडळी, सासूबाई अशा ताठ बसलेल्या की पुरस्कार त्यांनाच आहे. आमचे लॉन्ड्रीतले सगळे मागे. स्टेजवर हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, आणि एका टोकाला आमचे साहेब. माझं नाव पुकारलं, काचेचं ते काहीतरी माझ्या हातात दिलं, एवढं जड की मला वाटलं आत कुणीतरी बसलंय… आणि माइक पुढे केला. "दोन शब्द!"

मी कागद उघडला. म्हटलं, "सन्माननीय व्यासपीठ…" टाळ्या. "आज या कृतज्ञतेच्या क्षणी माझे अंतःकरण…" आवाज बरा लागला होता हो! लेक ओठ हलवत होती माझ्याबरोबर. "माझ्या या यशात पहिला वाटा आमच्या साहेबांचा…" साहेब अर्धे उठले, वाकले, बसले. आणि मी सहज वर बघितलं. तर शेवटच्या रांगेत मोठ्या बाई. टाळ्या वाजवतायत! एकट्याच! बाकी सगळा हॉल गप्प, आणि त्या आपल्या, मला ओठ हलवताना बघितलं, वाटलं काहीतरी छान बोलतेय माझी पोरगी, लागल्या वाजवायला! पुढची चारदोन माणसं मागे वळली, हसली. बाईंनी इकडेतिकडे बघितलं… आणि हात हळूच मांडीवर ठेवले. झाकून. चोरी केल्यासारखे.

काय झालं मला, सांगता येत नाही. पुढची ओळ समोर दिसतेय, पण तोंडातून हवासुद्धा येईना! एक मिनिट गेलं असेल. सासूबाई पहिल्या रांगेतून कुजबुजतायत, "मातोश्री! पुढे मातोश्री!" साहेब खोकतायत. आणि मी… मी ते काचेचं खाली ठेवलं, कागद त्याच्याखाली ठेवला, आणि दोन्ही हात वर केले.

'ऐका,' म्हटलं. हातांनी!

मागची आमची सगळी रांग ताठ झाली. मी म्हटलं, बॉयलरवाले काका, तुम्ही चुलवणात तीन दिवस आग धरून ठेवलीत, भुवया जळल्या तुमच्या! काकांनी मागून बोट फुंकून दाखवलं, 'अजून गरम आहेत!' शिलाईवालीला म्हटलं, तू एवढ्या घाईत बावन्न गाऊन शिवलेस. ती म्हणाली, 'त्रेपन्न!' एकेकाला म्हटलं, एकेकाने उत्तर दिलं, अकराच्या अकरा! चारशे माणसं टेनिसच्या मॅचसारखी, मान इकडे, मान तिकडे! साहेबांनाही म्हटलं. त्यांची आमच्यात खूण आहे, दोन बोटांनी नाक धरायचं, कारण खाली आले की ते पहिला रुमाल नाकाला लावतात. साहेबांना काय कळतंय? आपलं नाव आलं एवढं कळलं, केवढे खूश! उठून त्यांनीही नाक धरून सगळ्यांना दाखवलं! आमची मागची रांग एकमेकांच्या अंगावर पडली हसून.

मग राहिल्या मोठ्या बाई. आणि तुम्हाला सांगते, तिथे मला कळलं की आमच्यात 'आभार' अशी खूणच नाही! चोवीस वर्षांत कुणी केलीच नाही! 'ओलं' आहे, 'फाटलं' आहे, 'साहेब आले' आहे… आभार नाही! आता काय करू? दोन शब्द! दोनच शब्द बोलायचे होते मला, आणि तेच नव्हते माझ्या हातांत!

मग मी काय केलं, सुचलं म्हणून नाही, हातांनी आपोआप केलं. दोन्ही हात पुढे करून चिमट्या धरल्या. मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दुसरं माणूस लागतं. तेव्हा आम्ही असे कोपरे धरून उभे राहतो, म्हणजे, 'दुसरं टोक धरता का?'

बाईंनी बघितलं. मग उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू… आणि तिकडून, तीस रांगांपलीकडून, त्यांनी कोपरे धरले! हवेत! मी चादर ताणली. त्यांनी ताणली. झटकली, दोघींनी, एकदम! आणि मग घडी घालायची तर काय करावं लागतं? चालत जवळ यावं लागतं. मी स्टेजच्या पायऱ्या उतरले. त्या मधल्या वाटेने आल्या. मध्यावर भेटलो. मी माझे कोपरे त्यांच्या हातांत दिले, त्यांनी घेतले, माझे हात आपल्या हातांत तसेच धरून ठेवले… माझे डोळे भरून आलेले, त्यांचेही, लोक रुमाल काढतायत… आणि बाई म्हणाल्या, आता बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे हॉलभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"कोपरा जुळला नाही!"

हॉल फुटला! हसणं, टाळ्या, शिट्ट्या! बाईंना वाटलं आपण हळूच बोललो. म्हणून आणखी जवळ आल्या, माझ्या कानाशी तोंड नेलं, आणि कुजबुजल्या… म्हणजे त्यांच्या मते कुजबुजल्या, खरं म्हणजे शेवटच्या मजल्यावरचे पेशंट जागे झाले असतील,

"त्या तीन दिवसांत मी आले होते ते बोलली नाहीस ना? साहेब म्हणालेत कुणाला कळू द्यायचं नाही!"

संपलं! साहेब खुर्चीत असे घसरले की नुसतं टक्कल उरलं. मोठे डॉक्टर उठले. खाली आले. मला म्हणाले, "या कोण?" आता लपवायचं काय राहिलं होतं? सगळं सांगितलं. पाइप, हौद, आणि बोलण्याच्या ओघात गुलाबी कोटांचंही सांगून टाकलं! डॉक्टर गंभीर झाले. बाईंकडे वळून म्हणाले, "पण बाई, हे नियमात बसत नाही."

बाई म्हणाल्या, "निम्मं? निम्मं नाही हो डॉक्टर! सगळं धुतलं! सगळं!"

डॉक्टरांनी एवढं हसू दाबलं, एवढं दाबलं, आणि मग दाबवेना. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "गुलाबी कोट मीही घातला होता. नवीन होतो. मला वाटलं इथला गणवेशच तो." आणि वाकून त्यांनी चिमट्या धरल्या, अशा, चुकीच्याच, पण धरल्या. बाईंनी त्यांचा अंगठा पकडून सरळ केला.

ते काचेचं आम्ही बाईंना द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "घरी नको, पुसावं लागतं." आता ते लॉन्ड्रीत आहे, पावडरच्या डब्यांशेजारी. फळ्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या फोटोशेजारी त्यांचा लागला. साहेबांची खुर्ची शाबूत. उलट सगळ्यांना सांगतात, "त्यांना बोलावलं कुणी? मी!" आणि रोज खाली उतरताना जिन्यातूनच आम्हाला मोठ्या अभिमानाने नाक धरून दाखवतात. म्हणजे साहेब आल्याची खूण आता साहेबच करतात!

तर सगळं गोड झालं म्हणाल. झालंच! पण घरी पोचल्यावर? लेक म्हणाली, "आई, माझी तीन पानं! तू तीन ओळी वाचल्यास!" सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव घेतलंस?" आता काय सांगू? म्हटलं, घेतलं की! हातांनी घेतलं! "कुठली खूण?" घाईघाईत मी डोक्यावर हात गोल फिरवला. "मुकुट, सासूबाई!" अहो, त्या काय खूश! लगेच ह्यांना हवी. ह्यांची केली, अंगठ्याने टीव्हीचा रिमोट दाबायचा. मग लेकीला सगळ्या शिकून घ्यायच्या होत्या, तिने वहीत चित्रं काढली, दोघांना शिकवल्या, तिघं रोज सराव करतात… आणि आता आमच्या घरात कुणी बोलतच नाही हो! चहा? खूण! मीठ? खूण! सासूबाई, ज्या सकाळी उठल्यापासून बोलायच्या, त्या आता नुसता मुकुट फिरवतात आणि मी उठून जायचं! मी दिवसभर त्या घरघराटात गप्प, निदान संध्याकाळी येऊन चार शब्द बोलावेत, तर घर चिडीचूप!

काल तर मी वैतागले. ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, म्हटलं, "अहो, माणसासारखं काहीतरी तोंडाने बोला की!" ह्यांनी माझ्याकडे बघितलं, शांतपणे दोन्ही हात वर केले, गरागरा फिरवले आणि तळवा दाखवला. म्हणजे, 'मशीन चालू आहे, नंतर बोलू.'

घरात कुठली हो मशीन? पंखासुद्धा बंद होता! पण करते काय? मी हातानेच म्हटलं… 'बरं.'